हापूसचे खोके मागवण्याआधी: दाबून, पाडून, दमट करून पाहा

मोहोरावर कणी, म्हणजे बारीक फळे, धरू लागली की बागायतदार खोक्यांचे भाव विचारू लागतात. नमुना हातात येतो, अंगठ्याने दाबून पाहिला जातो, छपाई पसंत पडते आणि हजार-दोन हजार नगांची ऑर्डर जाते. तक्रार येते ती एप्रिलमध्ये: "वरून फळ छान होतं, कापलं तर आत काळं."

चौदा आणे तयार झालेला हापूस उतरवताना टणक असतो. अशा फळाला बसलेला मार त्या दिवशी दिसतच नाही. साल शाबूत राहते, आतला गर चेचतो आणि काही दिवसांनी फळ पिकले की तो भाग मऊ, पाणचट, तपकिरी होतो. म्हणून खोके बरे की वाईट हे खोक्याकडे पाहून ठरवू नये, त्यातले फळ पिकवून ठरवावे. ही तपासणी दोन टप्प्यांत करा. जानेवारी-फेब्रुवारीत नुसत्या खोक्याची परीक्षा, आत तेवढ्याच वजनाचे बटाटे भरून. पहिली तोडणी झाली की खऱ्या आंब्यावर दुसरी परीक्षा. मोठी ऑर्डर दुसऱ्या परीक्षेनंतर द्या. तोवर लागतील तेवढीच खोकी घ्या.

आधी पुठ्ठा. विक्रेता "५ प्लाय, १५० जीएसएम, १८ बीएफ" असे सांगतो. यातले जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, घरी पडताळता येते. खोक्याच्या सपाट भागातून १० सेंमी × १० सेंमीचा तुकडा कापा, तासभर उन्हात ठेवा आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोला. ५ प्लायमध्ये तीन सपाट कागद आणि मध्ये दोन नागमोडी कागद असतात. नागमोडी कागद सरळ केला तर साधारण १.४ पट लांब भरतो. सगळे कागद १५० चे असतील तर हिशेब ४५० अधिक ४२०, म्हणजे ८७० येतो. तुमचा तुकडा ८.७ ग्रॅमच्या आसपास, डिंक धरून थोडा जास्त भरला पाहिजे. ७ ग्रॅम भरला तर आतले कागद हलके वापरले आहेत. उन्हात ठेवायचे कारण साधे आहे: दमट पुठ्ठा जड भरतो आणि तुम्ही पाण्याचे पैसे मोजता.

बीएफ, म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागद दाबाने फुटायला किती दाद देत नाही ते सांगतो. बीएफला जीएसएमने गुणून हजाराने भागले की एका कागदाची फुटण्याची ताकद मिळते. १८ बीएफ आणि १५० जीएसएमला ती २.७ किलो प्रति चौरस सेंमी. हे घरी मोजता येत नाही, त्यासाठी उत्पादकाकडून चाचणी अहवाल मागा. मोठी ऑर्डर असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्थेत अशा चाचण्या होतात. मात्र बीएफवर फार विसंबू नका. खोके टोचून फुटण्यापेक्षा वरच्या ओझ्याने बसून जास्त वेळा निकामी होते आणि त्याचा संबंध कागदाच्या उभ्या ताकदीशी आहे.

म्हणून नागमोडीची दिशा पाहा. खोके उभे ठेवल्यावर आतल्या नळ्या जमिनीला काटकोनात, म्हणजे उभ्या असल्या पाहिजेत. कागद वाचवायला कधी कधी पुठ्ठा आडवा कापला जातो. दिसायला खोके तसेच दिसते, पण भार पेलत नाही. हवेच्या भोकाच्या कडेतून डोकावले तरी दिशा कळते. भोकेही पाहून घ्या. बाजूच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ५ टक्के भोके पुरतात, ती उभट लंबगोल असावीत आणि कोपऱ्यापासून निदान ४-५ सेंमी लांब असावीत. खोक्याचा बहुतेक भार चार कोपरेच उचलतात. कोपऱ्याजवळ भोक म्हणजे खांबाला पाडलेली खिडकी.

आता ओझ्याचा हिशेब. दोन डझनाच्या खोक्यात २५० ग्रॅमचे २४ आंबे म्हणजे ६ किलो, खोके आणि भरण धरून ६.८ किलो. टेंपोत आठ थर लावले तर तळच्या खोक्यावर सात खोक्यांचे ४८ किलो येतात. मग ५० किलो पेलणारे खोके पुरेल का? नाही. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास गेली की पुठ्ठ्याची ताकद सुमारे निम्मी होते. सतत भाराखाली राहिले की ती दिवसागणिक आणखी घटते. थर जरा सरकून कोपऱ्यावर कोपरा आला नाही तर आणखी घट. वर घाटातले हादरे. म्हणून कोरड्या नव्या खोक्याची ताकद प्रत्यक्ष भाराच्या निदान चौपट धरावी, म्हणजे इथे १९०-२०० किलो. प्रयोगशाळेला हाच आकडा विचारा, "कम्प्रेशन किती?"

घरी २०० किलो चढवायच्या भानगडीत पडू नका, रास कलंडून अंगावर येते. त्याऐवजी खोके दमट करून निम्मा भार द्या. बटाटे भरलेले खोके रात्रभर बंद न्हाणीघरात ठेवा, आत गरम पाण्याच्या दोन बादल्या आणि दोरीवर ओली गोणपाटे. सकाळी खोके सपाट लादीवर ठेवून चारही कोपऱ्यांची उंची मोजून लिहा. वर खोक्याएवढी फळी आणि फळीवर वाळूची ५० किलोची दोन पोती. भिंतीलगत ठेवा, मुलांना लांब ठेवा. २४ तासांनी पुन्हा उंची मोजा. बाजू फुगल्या, एखादा कोपरा सेंटिमीटरभर बसला किंवा भोकाभोवती मोड पडली तर ते खोके नको.

भार खोके घेते की फळ घेते, हे ओळखायला कणीक वापरा. वरच्या थरात तीन ठिकाणी बोराएवढे गोळे ठेवा, झाकण लावा, लगेच उघडून गोळे किती चेपले ते पाहा. तसेच गोळे भार देताना ठेवा. दुसऱ्या वेळी ते भाकरीसारखे चपटे झाले तर झाकण आत बसते आहे आणि वरचे वजन आंब्यावर येते आहे. दोन थरांच्या खोक्यात हीच तपासणी मधल्या पुठ्ठ्याखालीही करा. तिथे उभे कप्पे बुटके असले तर वरचा डझन खालच्या डझनावर बसतो. बाहेरून याचा पत्ताही लागत नाही.

पाडून पाहणे कुरिअरने थेट ग्राहकाला जाणाऱ्या एक डझनाच्या खोक्यांसाठी जास्त महत्त्वाचे. हलके खोके फेकले जाते, जड खोके उचलून ठेवले जाते. १० किलोच्या आतल्या पार्सलसाठी इस्टा या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १ए या प्रचलित चाचणीत ७६ सेंमी उंचीवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर आणि सहा बाजूंवर एकेकदा. ७६ सेंमी म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलाची उंची. खाली सिमेंटची लादी हवी, सारवलेल्या अंगणात पाडून उपयोग नाही. तळाचा जो कोपरा जोडाला लागून आहे, म्हणजे जिथे पिना मारल्या आहेत किंवा डिंक आहे, तोच पहिला पाडा. जोड उलगडला, तळाच्या पाकळ्या उघडल्या किंवा टेप सुटली तर बाकीच्या नऊ वेळांची गरज नाही. टेप ४८ मिमी रुंदीची, मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर लावा. पुठ्ठ्यावर धूळ असेल तर टेप आदल्या रात्री चिकटलेली दिसते आणि सकाळी उचकटते, म्हणून लावून रात्रभर थांबा.

हादऱ्यांसाठी यंत्र नको, टेंपो आहे. भरलेली तीन खोकी रिकाम्या गाडीत मागच्या चाकांच्याही मागे, एकावर एक ठेवा आणि तासभर खराब रस्त्यावर फिरवून आणा. रिकामी गाडी जास्त आपटते, मागचे टोक सर्वांत जास्त उडते आणि राशीतले सर्वांत वरचे खोके सर्वांत जास्त नाचते. त्यामुळे तळच्या खोक्यात चेचलेली फळे सापडतात, तर वरच्या खोक्यात घासलेली. खोके कानाशी हलवून आत खडखड ऐकू आली तर आंबा स्वतःभोवती फिरणार आणि देठाचे टोक शेजाऱ्याला टोचणार. भरण वाढवा, पण झाकण जोर लावून बंद करावे लागेल इतके नको. भाताचा पेंढा दमट असला तर बुरशी आणतो, खरखरीत असला तर साल खरवडतो. तो कडकडीत वाळलेला घ्या, नाहीतर कापलेला कागद वापरा. परदेशी जाणाऱ्या मालात पेंढा घालूच नका.

पहिल्या तोडणीनंतरच्या परीक्षेत एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: न हलवलेला डझन. एकाच झाडाची, एकाच दिवशी झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेली, देठ ठेवलेली चार डझन फळे घ्या. सावलीत तीन-चार तास निववा. तापलेला आंबा खोक्यात भरला की घाम सुटतो आणि पुठ्ठा आतून नरमतो. तीन डझन तीन खोक्यांत भरा, चौथा घरीच आढीत ठेवा. प्रत्येक फळाला जागेप्रमाणे क्रमांकाची चिठ्ठी चिकटवा: तळ, कोपरा, मध्य, वर. फिरवून, पाडून झाले की सगळी फळे एकाच खोलीत पिकवा. पूर्ण पिकल्यावर साल काढून पाहा, मग कापा.

मार असेल तर डाग सालीखालून सुरू होऊन आत जातो आणि बहुधा एकाच बाजूला असतो. साका, म्हणजे झाडावरच गरात तयार होणारा दोष, असेल तर तो कोयीजवळ, फिकट, भुसभुशीत असतो, वरून काही कळत नाही. तो खोक्याचा दोष नव्हे. देठापासून काळे पसरत आले तर ती देठकूज. असे काही घरच्या डझनातही निघाले तर पुठ्ठ्याला दोष देऊ नका. घरचा डझन स्वच्छ आणि खोक्यातल्या बारापैकी दोन फळांना मार, असे असेल तर क्रमांक पाहा. कोपऱ्यातली फळे गेली तर कोपऱ्यात भरण कमी पडले, तळची गेली तर तळाला जाड गादी हवी, मधली गेली तर तळपुठ्ठा लवतो. बदल एकावेळी एकच करा आणि पुन्हा तपासा.

ऑर्डरच्या कागदावर प्लाय, प्रत्येक थराचे जीएसएम आणि बीएफ, नळ्यांची दिशा, आतील माप (बाहेरील नव्हे), भोकांची जागा आणि जोडाचा प्रकार लिहून घ्या. नमुना एक आणि माल दुसरा असे होते, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातली पाच खोकी काढून तुकडा तोला आणि एक दमट करून दाबून पाहा. छपाईवर ओले बोट फिरवा. शाई बोटाला लागली तर ती ग्राहकाच्या आंब्यालाही लागेल.

आलेली खोकी घडी करून, फळीवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून लांब ठेवा. खतांच्या खोलीत नको, पुठ्ठा वास धरतो. गाडी भरताना कोपऱ्यावर कोपरा आणा. विटांसारखी सांधा मोडून रास रचली तर ती हलत नाही, पण खोक्यांची ताकद वाया जाते. गेल्या हंगामातली उरलेली खोकी वापरायचीच असतील तर घडीच्या रेषा आणि कसरीची भोके पाहून खराब निघालेली बाजूला काढा आणि राहिलेली फक्त वरच्या दोन थरांत लावा.