काटा रुतला, तिथून सुरुवात करा

पेशींमधला संवाद हा विषय पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी सगळ्यांसारखंच केलं: तक्ता. डावीकडे रेणूचं नाव, उजवीकडे त्याचं काम. आयएल-१ (आयएल म्हणजे इंटरल्युकिन), आयएल-६, टीएनएफ, अशी पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांची तीन पानं भरली. निम्म्या नावांपुढे मी एकच गोष्ट लिहिली होती, 'दाह वाढवतो'. दाह म्हणजे इजा किंवा संसर्ग झाला की शरीराची लाली-सूज आणणारी प्रतिक्रिया. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "आयएल-६ कोण सोडतं?" मी म्हटलं, मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी. "बरं, आणि ते ऐकतं कोण?" तिथे माझी बोलती बंद झाली. तक्त्यात तो रकानाच नव्हता.

तो तक्ता फाडला आणि एकच प्रसंग धरला: बोटात काटा रुतलाय. हा प्रसंग तसा जुनाच. १८८२ मध्ये रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफने इटलीतल्या मेसिनात तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याच्याभोवती भटक्या पेशी गोळा होताना पाहिल्या. त्या अळीला रक्तवाहिन्या नसतात, तरी पेशी आल्याच. म्हणजे मुळात हाक होती, रक्त नंतरचं.

आता आपलं बोट. काट्याने पेशी फुटतात आणि आतला एटीपी हा रेणू बाहेर सांडतो. पेशीच्या आत असतो तोवर एटीपी म्हणजे ऊर्जा, बाहेर आला की तोच धोक्याचा इशारा. मला या विषयाची गोडी इथे लागली. अर्थ रेणूत नसतो, तो कुठे आहे आणि कोणाच्या रिसेप्टरवर (इशारा टिपणाऱ्या प्रथिनावर) बसतो यात असतो. काट्याबरोबर जिवाणू आले असतील तर ऊतीतच मुक्काम असलेले मॅक्रोफेज टोल-सदृश रिसेप्टरांनी त्यांच्या आवरणाचे तुकडे ओळखतात. शेजारच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, तेही काही मिनिटांत, कारण ते आधीच भरून ठेवलेलं असतं. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या अस्तरात फटी पडतात, द्रव झिरपतो. झाली लाली, उष्णता आणि सूज. ठणका बराचसा प्रोस्टाग्लँडिन या स्निग्ध रेणूंमुळे वाढतो, कारण चेतातंतू त्यामुळे हळवे होतात. रोमन लेखक सेल्ससने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवलेली दाहाची चार लक्षणं अशी पाठ न करता लक्षात राहतात.

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, काही तासांत पोचतात. वाहिनीच्या भिंतीला सिलेक्टिन या प्रथिनांमुळे हलकेच चिकटत ते घरंगळत जातात. मग आयएल-८ चा इशारा मिळाला की इंटिग्रिन या दुसऱ्या प्रथिनांची पकड घट्ट होते, पेशी थांबते आणि फटीतून बाहेर सरकते. याचं चित्र एकदा स्वतःच्या हाताने काढा. वाईट काढलंत तरी चालेल.

इशारा पुढे नेणाऱ्या पेशीच्या आतल्या साखळ्यांनी नवखे घाबरतात. सगळ्या एकदम घेऊ नका, एनएफ-कप्पा-बी एवढी एकच नीट समजून घ्या. हे प्रथिन पेशीद्रवात आय-कप्पा-बी या दुसऱ्या प्रथिनाने जखडून ठेवलेलं असतं. बाहेरून इशारा आला की त्या जखडणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढतं आणि त्याचा नाश होतो. मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन दाहाची जनुकं सुरू करतं. त्या जनुकांतलं एक असतं चक्क आय-कप्पा-बीचं! सुटल्या सुटल्या ते स्वतःला पुन्हा बांधणारा दोर वळायला घेतं. हे कळलं त्या रात्री मी बराच वेळ वही मिटून नुसती बसले होते.

तेव्हापासून प्रत्येक रेणूला मी चारच प्रश्न विचारते: कोण सोडतं, कोण ऐकतं, किती लांब पोचतो, थांबतो कसा. आयएल-६ घ्या. ते रक्तातून यकृतापर्यंत जातं आणि यकृत सीआरपी हे प्रथिन बनवू लागतं, म्हणून बोटातली गोष्ट रक्ततपासणीच्या कागदावर दिसू शकते. सरांना हवं होतं ते हे उत्तर.

चौथा प्रश्न बहुतेक जण सोडतात, पुस्तकातही तो शेवटच्या दोन पानांत उरकलेला असतो. दाह आपोआप विझत नाही, तो विझवावा लागतो. मेलेले न्यूट्रोफिल मॅक्रोफेज गिळतात आणि गिळल्यावर त्यांची भाषा बदलते, आता ते आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे दाह शमवणारे रेणू सोडू लागतात. ज्या ॲराकिडॉनिक या स्निग्धाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनतात, त्याच्यापासूनच दाह शमवणारे लिपॉक्सिनही बनतात. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेनने १९७१ मध्ये दाखवलं, तो भाग मात्र सगळ्यांना पाठ असतो.

आणखी एक, रेणूंना चांगले-वाईट ठरवू नका. संधिवाताभ आजारात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) टीएनएफ अडवणारी औषधं सांध्यांना मोठा आराम देतात. पण फुप्फुसात सुप्त पडून असलेल्या क्षयाच्या जंतूंभोवतीचा पेशींचा वेढा टिकवायलाही टीएनएफच लागतो, म्हणून ही औषधं सुरू करण्याआधी रुग्णाची क्षयासाठी तपासणी करतात. माझ्या जुन्या तक्त्यात टीएनएफपुढे लाल शाईने 'घातक' असं लिहिलेलं होतं.