तिला गोळी लागू पडली, मला का नाही? उपचार शोधताना या चुका टाळा

परळला माझं मेडिकल स्टोअर आहे. केईएम आणि टाटा हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, त्यामुळे काउंटरवर दिवसभर चिठ्ठ्या आणि फाइली. हल्ली मात्र चिठ्ठीऐवजी मोबाइल पुढे येतो, त्यात रिकाम्या स्ट्रिपचा फोटो. "दादा, हीच द्या. शेजारच्या काकूंना दोन दिवसांत उतार पडला."

पहिली चूक तीच. वाटीभर साखर उसनी चालते, गोळी चालत नाही.

मागे एकदा हिंदमाताला पाणी तुंबलं तेव्हा एका सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला, लेप्टो (तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून सगळ्यांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्या. एक बाई पाच जणांच्या गोळ्या न्यायला आल्या. घरात कोण कोण, विचारलं तर सून पाचव्या महिन्यात आणि नातू सहा वर्षांचा. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्टर सहसा डॉक्सी देत नाहीत, अझिथ्रोमायसिन देतात. मी चिठ्ठीशिवाय काही दिलं नाही, तशा फणकारून गेल्या. तासाभरानं परत आल्या. चिठ्ठीवर तिघांना एक औषध, सुनेला वेगळं, नातवाला सिरप. पाण्यातून मात्र सगळे एकत्रच आले होते.

मलेरियाचंही तसंच. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियात ताप उतरला तरी यकृतात दडून बसलेले जंतू मारायला प्रायमाक्विन देतात, बहुधा 14 दिवस. पण ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी याच गोळीनं फुटू शकतात. ही कमतरता जन्मजात असते, पुरुषांत जास्त, आणि पारशी समाजात बऱ्यापैकी आढळते. तेव्हा मित्राच्या उरलेल्या गोळ्या नकोत, आधी ती रक्ततपासणी करायची का हे डॉक्टरांना विचारा. गोळी चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. (वरून सारखं दिसणारं रक्तही आतून वेगळं असतं. आपल्या शहराचं नाव लागलेला बॉम्बे रक्तगट आठवा. डॉ. भेंडे यांनी 1952 मध्ये तो जगासमोर आणला. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, पण त्या माणसाला 'ओ' रक्त चढवलं तर जिवावर बेततं.)

दुसरी चूक रिपोर्टमधल्या ठळक आकड्यांची. नॉर्मलची रेंज साधारणपणे 100 निरोगी माणसांपैकी मधल्या 95 जणांवरून ठरते. म्हणजे पॅकेजातल्या वीस तपासण्यांत एखादा आकडा बाहेर गेला म्हणून रात्रभर गूगल करायचं कारण नाही. मला उलटी गोष्ट जास्त घाबरवते. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.1, रेंजच्या आत, रिपोर्टवर खूण नाही. सत्तर किलोच्या तिशीतल्या गड्याला ते ठीकच. पण 78 वर्षांच्या, 42 किलोच्या आजींचा तोच आकडा वय आणि वजन धरणाऱ्या सूत्रात घातला तर किडनीचं रक्त गाळायचं काम मिनिटाला 30 मिलीच्याही खाली निघतं. अशा आजींना गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून देणारा नातू प्रेमापोटीच देतो हो, पण किडनीचं नुकसान करतो. रिपोर्टवर ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) आहे का बघा, आणि आजींचं वजन डॉक्टरांना सांगा.

तिसरी, नुसतं आजाराचं नाव टाकून शोधणं. सोबत वय, आधीचे आजार, चालू गोळ्या घाला, उत्तरं बदलतात. 'धोका निम्म्यावर' वाचलं की विचारा, कशाच्या निम्मा? 100 तल्या 20 चे 10 झाले तर औषध घ्यावंसं वाटेल. 2 चा 1 होणार असेल आणि दुष्परिणाम त्रासाचे असतील, तर विचार करायला जागा आहे.

सेकंड ओपिनियनला जाताना लोक पहिल्या डॉक्टरांचे कागद लपवतात. काय साधतं कोण जाणे! दुसरे डॉक्टर त्याच तपासण्या पुन्हा करायला लावतात आणि खर्च दुप्पट. कागद मिळत नसतील तर लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत डॉक्टरांनी ते द्यायला हवेत. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही न्या. चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत भरा, आणि त्यात गावाहून आलेल्या काढ्याची बाटलीही टाका. ती सांगायची सगळ्यांनाच लाज वाटते.