कागदपत्रे हरवलेली जुनी मोटार आपल्या नावावर कशी करावी

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या आवारात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली एखादी मोटार बहुतेकांनी पाहिलेली असते. अशी मोटार कोणी विकत देऊ केली की पहिला सल्ला मिळतो तो स्टॅम्प पेपरवर लिहून घेण्याचा. त्या लिखाणाचा उपयोग व्यवहाराचा पुरावा म्हणून निश्चित होतो, परंतु तेवढ्याने मोटार तुमच्या नावावर होत नाही, कारण आरटीओच्या दफ्तरात ज्याचे नाव आहे त्यालाच कायदा वाहनाचा मालक धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले की, गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. म्हणून हे काम विकणाऱ्याच्या दृष्टीनेही तितकेच निकडीचे आहे, आणि त्याचे सहकार्य मागताना ही गोष्ट त्याला अवश्य सांगावी.

आपल्या हातातला कागद हरवला म्हणजे नोंदही नाहीशी झाली असे होत नाही. दफ्तरातल्या त्या शेवटच्या नावापासून तुमच्यापर्यंतचा प्रत्येक हात कागदावर जोडून दाखवणे, एवढेच खरे काम आहे.

सुरुवात गाडीपासूनच करावी. चेसिस क्रमांक गाडीच्या बनावटीनुसार बॉनेटखाली, पुढच्या सीटखाली किंवा चाकाजवळच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. माझ्या मामांच्या प्रीमियर पद्मिनीवर तो गंज, ग्रीस आणि रंगाच्या दोन थरांखाली दडलेला होता. मेकॅनिक तारेचा ब्रश घेऊन पुढे आला तेव्हा मामांनी त्याला थांबवले आणि ते योग्यच झाले, कारण क्रमांकावर घासल्याच्या खुणा दिसल्या की तपासणी करणाऱ्या निरीक्षकाला खाडाखोडीचा संशय येतो. घासलेटात भिजवलेल्या फडक्याने तो भाग तीन-चार दिवस थोडाथोडा पुसावा, कोरडा झाल्यावर त्यावर पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवावी. नुसत्या डोळ्यांनी ८ वाटलेला आकडा आमच्या कागदावर स्पष्ट ३ उमटला, आणि त्या एका आकड्यामुळेच तोपर्यंत नोंद जुळत नव्हती. असे ठसे चार-पाच काढून ठेवावेत, इंजिन क्रमांकाचेही काढावेत.

इंजिन बदललेले असेल तर मात्र आधी तो प्रश्न सोडवावा लागतो. पूर्वी अनेकांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले; अशा बदलाची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार व्हायला हवी होती. ती झालेली नसेल आणि इंजिनाच्या खरेदीचे बिलही नसेल, तर अशी गाडी घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

त्यानंतर नोंदणी क्रमांकावरून कार्यालय ओळखावे. एमएच ०१ म्हणजे ताडदेव, ०२ म्हणजे अंधेरी, ०३ म्हणजे वडाळा आणि ४७ म्हणजे बोरिवली. परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर क्रमांक टाकल्यास नोंदणीची तारीख, मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. एमएच मालिका सुरू होण्यापूर्वीचे क्रमांक पुष्कळदा संगणकावर आलेलेच नसतात. तेव्हा मूळ कार्यालयात लेखी अर्ज करून जुन्या नोंदवहीतील तपशील शोधायला लावावा आणि तो संगणकावर चढवून घ्यावा. याला तिथे बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. ती झाल्याशिवाय पुढचा कोणताही ऑनलाइन अर्ज सरकत नाही. याच टप्प्यावर गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय या सेवेवर पाहावे आणि थकलेली ई-चलाने भरून टाकावीत. नोंदणी कलम ५५ खाली रद्द झालेली आढळली, तर पैसे देण्यापूर्वीच व्यवहार थांबवावा.

आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, हरवली असेल तर पोलीस ठाण्यात तशी नोंद करून नमुना २६ मध्ये दुय्यम प्रत मागता येते. परंतु हा अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा असतो, खरेदीदाराने नव्हे, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. मालक भेटला तर उरलेले काम सरळ आहे: दुय्यम आरसी, त्याच्या सहीचे नमुना २९ आणि ३० (मालकी हस्तांतरणाचे अर्ज), विमा, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा आणि पॅन. मालक हयात नसेल तर वारसाने मृत्यूच्या दाखल्यासह नमुना ३१ भरून गाडी प्रथम स्वतःच्या नावावर करून घ्यायची, इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे जोडायची, आणि मगच ती तुम्हाला विकायची.

मामांची गाडी याच वाटेने गेली. त्यांनी ती माटुंग्याच्या एका वयस्क डॉक्टरांकडून घेतली होती. सही केलेला टीटीओचा, म्हणजे मालकी हस्तांतरणाच्या अर्जांचा, संच कपाटाच्या खालच्या खणात पडून राहिला, आणि २६ जुलै २००५ च्या पुरात कलिन्याच्या घरातील त्या खणाचा लगदा झाला. गाडी परळच्या गॅरेजात सुरक्षित होती, पण डॉक्टर वारले होते. त्यांच्या मुलाने वारस म्हणून सह्या केल्या, तेव्हा कुठे काम झाले. त्या सज्जन माणसाने आमच्यासाठी दोन दिवस रजा टाकली, हे मी कधी विसरणार नाही. एखाद्या दलालाने हा मधला टप्पा वगळून मृत व्यक्तीची सही उमटवून देतो असे सांगितले, तर तिथून उठून यावे. ती उघड बनावट आहे आणि गुन्ह्यात तुम्ही सहभागी ठरता.

मालकाचा किंवा वारसांचा पत्ताच लागत नसेल तर शोधाचा पुरावा जमवावा. नोंदीतल्या पत्त्यावर स्वतः जावे, सोसायटीच्या सचिवांकडे चौकशी करावी, पोचपावतीसह पत्र पाठवावे, आणि ते परत आल्यास पाकीट न फोडता जपून ठेवावे. हे सगळे हाती घेऊन वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ खाली मालकी जाहीर करून मागता येते. हा मार्ग लांबचा आहे, आणि साध्या गाडीसाठी तो परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बँकेचा बोजा दिसत असेल तर तो उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते. बँक विलीन झालेली असेल तर ज्या बँकेत झाली तिच्याकडे जावे. उदाहरणार्थ, देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये सामावली आहे.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी प्रत्यक्ष तपासणीला नेऊन ती वाढवावी लागते. २० वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. त्याशिवाय पर्यावरण कर आणि उशिराचे शुल्क असते, म्हणून गाडीची किंमत ठरवण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवावी लागते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, मात्र तिचा रोजचा वापर करता येत नाही, आणि आधी नोंदलेल्या गाडीसाठी तिथेही जुनी आरसी लागतेच.

नवीन आरसी टपालाने हाती आली की पेन्सिलीचा तो ठसा शेजारी ठेवून चेसिस आणि इंजिन क्रमांकाचा एकेक आकडा मोठ्याने वाचून ताडून पाहावा आणि चूक आढळल्यास त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्यावा. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवणे आवश्यक असते.