जठरातील व्रणावर उपचार घेताना

जठराच्या अस्तरावर व्रण पडण्यामागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांचे दीर्घकाळ सेवन असते. म्हणून केवळ आम्लपित्ताची औषधे घेत राहण्याआधी श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने, अथवा एंडोस्कोपीने, कारण निश्चित करून घ्यावे.

जिवाणू आढळल्यास आम्लनिर्मिती घटवणाऱ्या औषधासोबत किमान दोन प्रतिजैविके बहुधा १० ते १४ दिवस दिली जातात. दोन-चार दिवसांत दुखणे थांबते आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण अर्धवट सोडलेल्या औषधांना जिवाणू पुढे दाद देत नाही. ओमेप्राझोलसारखी आम्ल घटवणारी गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि ओमेप्राझोल दोन आठवडे बंद ठेवून, जिवाणू गेल्याची पुन्हा तपासणी करावी; ती टाळणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे. मात्र हृदयविकारासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नये. धूम्रपान सोडावे आणि मद्य टाळावे. तिखटाने व्रण होत नाही, त्रास मात्र वाढू शकतो; दुधाने क्षणभर बरे वाटते, पण त्यानेही आम्ल स्रवते.

डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, भोवळ किंवा अचानक उठलेली असह्य पोटदुखी ही रक्तस्रावाची किंवा जठराला छिद्र पडल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.