कुणी आदर्श समाजाचं चित्र दाखवलं तर ते तपासायचं कसं

पुस्तकातला असो की भाषणातला, सुखी समाजाचं वर्णन वाचून लगेच हरखून जाऊ नका, आधी शोधा की तिथं घाणीची कामं कोण करतंय. बाकी सगळं नंतर. इंग्लंडच्या थॉमस मोरचं युटोपिया घ्या, एका काल्पनिक बेटावरच्या समाजाचं १५१६ चं पुस्तक. दिवसाला फक्त ६ तास काम, सोन्याला इतकी कमी किंमत की त्याची शौचाची भांडी बनवतात, वाचताना एकदम भारी वाटतं, पण जनावरं कापायची कामं गुलामांकडे, का तर नागरिकांच्या मनातली दया मरू नये म्हणून! गुलामाच्या मनातली मेली तर चालतंय. फ्रान्सचा विचारवंत शार्ल फुरिए यानं निदान हा प्रश्न टाळला नाही. त्याचं म्हणणं, लहान पोरांना घाणीत लोळायला आवडतंच ना, मग अशी कामं त्यांच्या टोळ्यांना द्या आणि वर मानही द्या. हसू येतं खरं, पण बहुतेक जण याचं उत्तरच देत नाहीत.

मग बघा, चित्र काढणारा स्वतः कुठं उभा आहे. जे सुख तो रंगवतो तेच बहुतेक वेळा त्याच्या आसपास नसतं. मध्ययुगीन युरोपात एका काल्पनिक देशाच्या गोष्टी होत्या, तिथं भाजलेले हंस आपोआप उडत येतात, म्हणजे उपाशी पोटांचं स्वप्न, दुसरं काय. संत रविदास चर्मकार समाजातले, त्यांच्या पदातल्या बेगमपुऱ्यात, म्हणजे दुःख नसलेल्या गावात, कर नाही, भीती नाही, कुणी दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा नाही, आणि मनाला येईल तिकडं फिरा. हे फिरणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण याच्या उलट मोरच्या बेटावर दुसऱ्या गावी जायला परवाना लागतो आणि विनापरवाना दुसऱ्यांदा सापडलात की थेट गुलामी. मोर कायद्याचा माणूस, पुढं राजाचा चॅन्सेलर, म्हणजे बडा मंत्री झाला, त्याला शिस्त सुचली यात नवल नाही.

आणि पटलं नाही तर बाहेर पडायची वाट आहे का, हेही बघाच. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो तर त्याच्या आदर्श राज्यातून कवींनाच बाहेर काढायला निघाला होता, ते वेगळं. ब्रिटिश गिरणीमालक रॉबर्ट ओवेननं १८२५ मध्ये अमेरिकेत इंडियानात आदर्श समाजाचा प्रयोग म्हणून न्यू हार्मनी नावाची वसाहत सुरू केली, नियमावली पुन्हा पुन्हा बदलली, भांडणं झाली, १८२७ पर्यंत प्रयोग मोडला. लोक याला फसलेलं म्हणतात, मला त्यात एवढं लाजण्यासारखं काही दिसत नाही, ज्यांना पटलं नाही ते सामान उचलून निघून गेले आणि त्यांना कुणी अडवलं नाही.