पोरगं नशेत सापडलं, त्या रात्री काय करायचं

मी कोल्हापुरात पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. दोन वर्षांपूर्वी शाहू स्टेडियमवरच्या सामन्याच्या आदल्या दिवशी माझ्या १६ वर्षांच्या डिफेंडरनं आपले नवे बूट एका धाकट्या पोराला देऊन टाकले. "मला आता नकोत," म्हणाला. आठवडाभरापूर्वी त्याच्या दप्तरात गांजा सापडला होता. वडिलांनी मारलं होतं, आईनं बोलणं टाकलं होतं.

नशेतलं पोरगं जीव द्यायला निघण्याचा धोका असतोच. पण नशा उघडी पडल्यावरचे आणि नशा नुकती सुटल्यावरचे दिवस फार नाजूक. झोप उडालेली, मन खचलेलं; त्यात दारू पोटात गेली तर मनात आलेलं करायला पोरगं मागंपुढं बघत नाही. म्हणून त्या रात्री हिशेब मागू नका. मारू तर नकाच.

सरळ विचारा. मी कट्ट्यावर शेजारी बसून विचारलं, "जीव द्यायचा विचार येतोय का रे?" जीभ जड झाली होती. पण विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट आत दाबलेलं बाहेर येतं. बराच वेळ गप्प राहून तो "होय सर" म्हणाला आणि रडला. अशा वेळी ऐकायचं. "तुला काय कमी केलं आम्ही?" हे वाक्य गिळायचं. कुणाला सांगणार नाही, असं वचन मात्र द्यायचं नाही. मी म्हणालो, "आईला सांगणार, पण तुझ्या शेजारी बसून."

"होय" आलं की एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, शेतातली फवारणीची औषधं त्याच रात्री दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. ती घडी टळली तर बरंच काही टळतं. १४४१६ लावा, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. त्यानं काही करून घेतलं असेल किंवा आवरत नसेल तर थेट सीपीआरचा, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याचा, अपघात विभाग गाठा. पोलिसांच्या भीतीनं थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या घरच्या घरी एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांवर सोडा.

दवाखान्यातून आल्यावरही पुढचे काही आठवडे नजर हवी. आमचा पोरगा तेव्हा खेळत नव्हता, तरी रोज पाच वाजता मी त्याला मैदानावर बोलवायचो. नुसता बसायचा.