डायलिसिस पेशंटचं पोटॅशियम: या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ होतो तो डायलिसिस संपल्या संपल्या काढलेल्या रक्तावरून. सुया निघायच्या आत नमुना जातो, रिपोर्टला पोटॅशियम कमी, 3.1 येतं आणि घरचे हबकतात. कुणीतरी पोटॅशियमचं सिरप सुरू करतं, वर रोज एक शहाळं. तिसऱ्या दिवशी पेशंट ‘पायातलं बळच गेलंय’ म्हणत येतो. ईसीजीत टी लाटा टोकदार उभ्या आणि पोटॅशियम सातच्या वर! मुळात त्या 3.1 वर औषध द्यायचंच नव्हतं. शरीरातलं 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. मशीन रक्तातलं ओढतं, पुढच्या पाच-सहा तासांत आतलं बाहेर झिरपतं आणि आकडा आपोआप चढतो. बाथ, म्हणजे मशीनच्या द्रावणात पोटॅशियम किती ठेवायचं, हे ठरवायचं डायलिसिसआधीच्या नमुन्यावर, तोही दोन डायलिसिसमधल्या मोठ्या खाड्यानंतरच्या. सोम-बुध-शुक्रवाल्यांचा सोमवारचा घ्या, लाइनमध्ये सलाइन किंवा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जायच्या आधी.

उलटी चूकही तितकीच होते. पट्टा करकचून बांधणं, मूठ उघडमीट करायला लावणं, सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबणं: पेशी फुटतात किंवा स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आकडा खोटाच वाढतो. घाईतले नवशिके तर जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओततात. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं ईडीटीए हे रसायन असतं, तेही पोटॅशियमचंच. पोटॅशियम अफाट आणि कॅल्शियम एकदम तळाला असा रिपोर्ट दिसला की आधी नळीची चौकशी करा. मात्र ईसीजी बिघडलेला असेल, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट बघत बसू नका.

आता ‘बीपीला चांगलं’ म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, ग्रॅमला साधारण 13 मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). पाकिटावर 30 टक्के लिहिलं असेल, तर दिवसाच्या 5 ग्रॅम मिठातून 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटात गेले. दिवसाची मुभा बहुतेकांना 50 ते 70 असते. साधंच मीठ वापरा, पण कमी. सैंधव म्हणजेही मीठच. 8 ग्रॅम मीठ साधारण लिटरभर पाणी अंगात धरून ठेवतं, वजन तिथूनच वाढतं.

बटाटा-पालक चिरून, भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. मग रविवारी पांढरा रस्सा वाटीवर वाटी! अहो, मटणातून उतरलेलं पोटॅशियम त्याच पाण्यात असतं. फोडी दोन खा, रस्सा चमचाभर. कोल्हापुरी माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण सांगावं लागतं. उसाचा रस आणि गुळाचा चहाही त्याच यादीत.

6.8 दिसलं की शून्य पोटॅशियमचा बाथ लावणाऱ्यांचा मात्र राग येतो. आकडा झरकन उतरतो, पण हृदयाची लय बिघडू शकते, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर जास्तच. बहुतेकांना 2 चा बाथ आणि पूर्ण चार तास पुरतात, मॉनिटर लावून.

बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष नको. मूत्रपिंड थकल्यावर पोटॅशियमचा बराच भाग शौचावाटे जातो.

आठवड्यातून पाच-सहा वेळा डायलिसिस असेल, तर गणित उलटतं. तोच 2 चा बाथ चालू राहिला की पोटॅशियम खाली जातं, अशांना बऱ्याचदा 3 चा लागतो. रात्रभराच्या डायलिसिसमध्ये फॉस्फरसही ओढला जातो आणि जेवणासोबतची बाइंडरची (फॉस्फरस बांधून ठेवणारी) गोळी मात्र जुन्याच डोसने चालू असते. दोन्ही आकडे दर महिन्याला बघा आणि गोळीचं डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.